काळडोह लाइव्ह, मुक्काम पोस्ट वडजाईवाडी

रविराजचं लग्न ठरल्याची दुःखद वार्ता मानसिंग शिर्केला कळली, तेव्हा तो एका आजीबाईंच्या नाकावर चष्मा बसवत होता.

"मान्या, तारीख निघाली रं," रविराज सांगलीहून फोनवर म्हणाला. "तेरा."

"कशाची?"

"लग्नाची."

मानसिंगचा हात हलला आणि चष्म्याची काडी आजीबाईंच्या कानाऐवजी अंबाड्यात घुसली. आजीबाई ओरडल्या. ओरडायचं तर मानसिंगलाही होतं, पण त्याला ते जमत नसे. कराडच्या मुख्य रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि "हे स्पष्ट की आधीचं स्पष्ट?" हा एकच प्रश्न दिवसभर मऊ आवाजात विचारून विचारून त्याचा गळा कायमचा सौजन्यशील झाला होता. ओरडायला म्हणून तर त्याने रविराजला धरलं होतं.

मानसिंग, शिवतेज, आप्पासो आणि रविराज या चौघांचा 'काळडोह' नावाचा हेवी मेटल बँड होता. मानसिंग गिटार वाजवी, आप्पासो बेस, शिवतेज ड्रम बडवी आणि रविराज पोटातून गुरगुरे. हेवी मेटल म्हणजे नेमकं काय, असं मानसिंगच्या सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्याच्या बायकोने, मायाने, "पिठाची गिरणी चालू असताना शेजारी भांडण लागावं आणि त्या भांडणाला ताल सापडावा, तसं असतं," असं उत्तर दिलं होतं. मानसिंगला ते फार लागलं. पण याहून चांगली व्याख्या त्यालाही आजवर सुचली नव्हती.

कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे चौघे भेटले. कॉलेज सुटलं, इंजिनिअरिंगही सुटलं, पण दर रविवारी मानसिंगच्या दुकानाच्या माडीवर जमायचं काही सुटलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांचं एकही गाणं धड रेकॉर्ड झालं नव्हतं. आता शिवतेजला जर्मनीत नोकरी लागली होती आणि शिवतेज गेला की काळडोह आटला, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून जायच्या आधी एक लाइव्ह अल्बम करायचा, समोर खरी माणसं बसवून, असं ठरलं. मिरजेची रेश्मा मुल्ला रेकॉर्डिंग करणार होती. ती एरवी शास्त्रीय गाण्याच्या बैठका रेकॉर्ड करी. तिच्याकडे तेवढी तेरा तारीख मोकळी होती.

"लग्न पुढं ढकल की," मानसिंग काकुळतीला आला.

"पुढं अमावस्या हाय."

"अमावस्या आपल्याला कधी आडवी आली रं?"

"आपल्याला न्हाई. सासऱ्याला येते. त्यांनी आपला व्हिडिओ बघितला. पोराला फिट येते का म्हणून घरी विचारणा झालीया. आता हळद लागस्तोवर आवाज चढवायचा न्हाई, असं आईनं देवापुढं वदवून घेतलंय."

जागेचं पुराण तर आधीच होऊन गेलं होतं. मानसिंगने शहरातला एक हॉल बघून ठेवला होता आणि लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांसमोर उभा राहिला होता.

"कार्यक्रमाचं स्वरूप?"

"संगीत."

"नाच?"

"नाही साहेब."

"मिरवणूक? वाढदिवस?"

"नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग लोक येऊन करणार काय?"

"ऐकणार."

"नुसतं?"

मानसिंगने मान डोलावली आणि तिथेच घात झाला. ज्यात वाढदिवस नाही, नाच नाही, जेवण नाही आणि तरीही माणसं जमणार, अशा कार्यक्रमात काहीतरी काळंबेरं असणारच, हे सरकारी अनुभवाला धरूनच होतं. अर्ज वरच्या साहेबांकडे गेला. वर गेलेला अर्ज खाली यायला काही तो चेंडू नव्हे. तो वरच राहिला.

अशा वेळी मदतीला धावून आले मानसिंगचे सासरे. धावून आले म्हणण्यापेक्षा संचलन करत आले. सुभेदार हरिबा काशीद यांनी फौजेत उमेदीची सगळी वर्षं रंगरुटांना कवायत शिकवण्यात घालवली होती. आता ते वडजाईवाडीच्या माजी सैनिक संघाचे अध्यक्ष होते. संघाचा मेळावा नेमका तेरा तारखेला, शाळेच्या पटांगणात होता. मांडव, भोंगे, परवानगी, जेवण, सगळं सज्ज होतं.

"दरसाल आर्केस्ट्रा असतोय," सुभेदार मायाला म्हणाले. "औंदा जावायबापूंचं वाजप लावू."

'वाजप' हा शब्द मानसिंगच्या काळजात रुतला. पण सासऱ्यांचं हे आजचं नव्हतं. लग्नाच्या बोलणीतच त्यांनी विचारलं होतं, "गिटार वाजवता? बरं. पण करता काय?" सुभेदार वाईट माणूस अजिबात नव्हते. पण ज्या कामाला हुद्दा नाही, ते काम त्यांच्या नजरेत भरत नसे. त्यांच्यासमोर एकदा तरी आपण मन लावून काहीतरी करतो हे दिसावं, एवढीच मानसिंगची इच्छा होती. आणि आता जागा मिळाली, तर गायक सासुरवाडीला निघालेला.

मानसिंग दुःखात आहे हे कळायला शेजाऱ्यांना फार वेळ लागला नाही. शेजारच्या मिठाईवाल्यांनी आपला पुतण्या पाठवला. तो उत्तम नाट्यगीतं म्हणे. त्याने मृत्यूवरच्या गाण्यात इतक्या गोड हरकती घेतल्या की मरावंसं वाटू लागलं. समोरच्या औषधवाल्यांनी ज्येष्ठमधाची पूड फुकट दिली आणि गायकच नको, मोबाइलवर लावा, असा सल्लाही फुकटच दिला. आप्पासो जतकडचा. त्याने गावाहून आपला चुलतभाऊ आणला. तो ओव्या अशा खड्या आवाजात म्हणे की रस्त्यावरची माणसं थांबत. पण एकदा सुरू झाला की देवाचं लग्न लागल्याशिवाय तो थांबायचा नाही, आणि देवाचं लग्न लागायला पहाट होई. शेवटी बँडमधल्या उरलेल्या तिघांनीही हात टेकले.

त्याच आठवड्यात सुभेदार चष्म्याचा नंबर काढायला दुकानात आले. सोबत सासूबाई साळूबाई होत्या. मानसिंगने सासऱ्यांना खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर जड फ्रेम चढवली आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं.

"वाचा मामा. सावकाश."

"प!" सुभेदार म्हणाले.

मांडणीतल्या फ्रेमा थरथरल्या. बाहेर एका मोटारसायकलवाल्याने करकचून ब्रेक मारला.

"ट! ल! न!"

माडीवरून शिवतेज हातात ड्रमच्या काठ्या घेऊन धडाधडा जिना उतरला. "कुणाचा आवाज हाय ह्यो?"

मानसिंगने त्याच्या डोळ्यांतली चमक बघितली आणि आधीच सांगून टाकलं, "अजिबात नाही."

"दुसरं कोण हाय तुज्याकडं?"

दुसरं कोणी नव्हतं. सुभेदारांना सगळी हकिकत सांगताच ते जागच्या जागी तयार झाले. "मोर्चा रिकामा सोडायचा नसतोय," एवढंच बोलून त्यांनी खालच्या ओळीतलं बारीक अक्षरही वाचून टाकलं. अट एकच होती. बँडचा कवटी छापलेला काळा शर्ट ते घालणार नव्हते. कोट, पदकं आणि टोपी घालूनच उभे राहणार होते.

तालमी सुरू झाल्या, आणि मानसिंगच्या कवित्वाची कधी नव्हे ती तपासणी झाली. गाण्यांचे शब्द त्याचे होते. सुभेदारांनी पहिला कागद वाचला आणि विचारलं, "हे कुणाला उद्देशून हाय?"

"म्हणजे?"

"'सोडणार नाही तुला, जाळीन तुझी छाया', ठीक. पण समोर कोण हाय? कुणावर ओरडतुया हे मानसाला ठावं पायजे."

"जीवनावर, मामा."

सुभेदारांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "जीवनानं काय वाकडं केलंय तुमचं? दुकान बरं चाललंय. जेवनखान येवस्थित हाय."

एवढी वर्षं आपण कुणावर ओरडतोय हे त्याने कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. शेवटी ते गाणं पाकिटमारावर आहे असं तडजोडीने ठरलं आणि मग सुभेदारांनी ते असं म्हटलं की खालच्या मजल्यावर चष्मा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने आपलं पाकीट चाचपून पाहिलं.

आणखी एक गोष्ट झाली, तिची तेव्हा कुणी दखल घेतली नाही. साळूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "त्या भोंग्यापुढं हुबं ऱ्हायाचं तर कानात कापूस घाला. आदीच तोफांनी निम्मं कान गेल्यात." बायकोचा हुकूम सुभेदार मोडत नसत. त्यांनी कापसाचे दोन गच्च बोळे कानात घातले आणि तेव्हापासून ते शिवतेजच्या हातावर गाऊ लागले. काठी वर गेली की गर्जायचं, खाली आली की थांबायचं. एक अक्षर चुकत नसे. पण मानसिंगची गिटार त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हती.

तेरा तारीख उगवली. वडजाईवाडीच्या वेशीवर फ्लेक्स लागला होता. काळडोहचं मूळ बोधचिन्ह म्हणजे वडाच्या पारंब्यांचा गुंता असावा तशी अक्षरं होती. फ्लेक्सवाल्याला वाटलं, फाइल बिघडली. त्या भल्या माणसाने स्वखुशीने नवीन ठळक अक्षरं काढली, दोन्ही बाजूंना गुलाब टाकले आणि वर 'श्री काळडोह प्रसन्न' असं छापलं. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते. बँडचा फोटो शोधावा लागत होता. मानसिंगने तो शोधला नाही.

सामान आणायला सुभेदारांनी आपली पांढरी बोलेरो दिली होती. ती त्यांनी पाटणच्या एकाकडून नुकतीच घेतली होती. मानसिंगने गाडी शाळेच्या फाटकातच आडवी लावली, म्हणजे अवजड अॅम्प्लिफायर थेट स्टेजवर उतरवता येतील. उतरवून झाल्यावर गाडी बाजूला घेणार, तोच माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. सत्कार सुरू झाले होते. मानसिंगने किल्ली पँटच्या खिशात टाकली आणि तो शाल घ्यायला धावला.

सत्कार सगळ्यांचे झाले. आजी-माजी सरपंचांचे झाले, मांडववाल्याचा झाला, रेश्माचा झाला. तिने शाल अंगावर घेऊनच यंत्राची बटणं लावली. मग अॅम्प्लिफायरला हळदकुंकू लावून त्यापुढे नारळ फोडला गेला आणि पाणी नेमकं आप्पासोच्या यंत्रात गेलं. आप्पासोने ते उलटं करून हलवलं, पंख्यासमोर धरलं आणि ते आश्चर्यकारकरीत्या पहिल्यापेक्षा बरं वाजू लागलं.

सुभेदार स्टेजवर आले. कोटावर पदकं, डोक्यावर टोपी, कानात कापूस. त्यांनी माइक हातात घेतला आणि सवयीने पहिला शब्द उच्चारला.

"सावधान!"

हा शब्द गाण्यात नव्हता. पण समोर सगळे माजी सैनिक होते. पटांगणातल्या खुर्च्या एका दमात मागे सरकल्या, टाचा जुळल्या आणि अख्खा मांडव ताठ उभा राहिला. शिवतेज तोवर सुरू झाला होता. पूर्ण गाणंभर एक माणूस हलला नाही की शिट्टी नाही. मानसिंगने रेश्माच्या यंत्राकडे पाहिलं. लाइव्ह अल्बम म्हणजे लोकांचा आवाज, आणि हे लोक तर श्वाससुद्धा परवानगीने घेत होते. गाणं संपलं.

"विश्राम!"

सगळ्यांचे पाय एकदम जमिनीवर आले. तो दणका पायांतून वर छातीपर्यंत चढला. रेश्माच्या भुवया वर गेल्या आणि तिने घाईने एक बटण खाली घेतलं. त्यानंतर मात्र टाळ्या अशा पडल्या की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

शेवटचं गाणं होतं 'काळडोह'. या गाण्याच्या मध्यात मानसिंगचा एकट्याचा तुकडा होता. माडीवर कित्येक रविवार खर्ची घालून त्याने तो रचला होता. रविवारी माडीवर तो वाजवताना त्याला दुकान, हप्ते, नाकावरून घसरणारे चष्मे, काही आठवत नसे. शिवतेज गेल्यावर तो पुन्हा वाजणार नव्हता. मानसिंगने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

तेवढ्यात स्टेजवर चिठ्ठी आली.

आपल्याकडे माइक ज्याच्या हातात, चिठ्ठी त्याने वाचायची, हा नियम कुणी केला माहीत नाही, पण तो मोडलेला कुणी पाहिलेला नाही. त्यातून सुभेदार फौजी. लेखी आलेला निरोप ते एक क्षणही अडवून ठेवणार नव्हते. त्यांनी नवा चष्मा सारखा केला आणि त्याच पोटातल्या आवाजात, गाण्याच्या ठेक्यावर, वाचायला घेतलं.

"पांढऱ्या रंगाची बोलेरो! शेवटचे आकडे सत्त्याऐंशी! फाटकात आडवी लावलेली हाय! जेवनाचा टेम्पो आडकलाय! मालकानं ताबडतोब हजर व्हावं!"

मानसिंगने डोळे उघडले. सुभेदारांना आपल्या पहिल्या रायफलचा नंबर झोपेतही सांगता येई, पण नव्या गाडीचा अजून पाठ झाला नव्हता. किल्ली मानसिंगच्या खिशात होती आणि दोन्ही हात गिटारवर. त्याने सासऱ्यांना भुवयांनी खुणावलं. सुभेदारांना वाटलं, जावई रंगात आलाय. त्याने जवळ जाऊन "मामा, मामा!" म्हणून पाहिलं. कानातल्या कापसाने ते परत पाठवलं.

"मालक कोन हाय त्यो? सोताला कोन समजतोय? मानसं उपाशी बसल्यात, लाज वाटाय पायजे!"

गावाला गाडी ओळखू आली होती. पण अध्यक्षांना ते सांगायचं कुणी? पुढच्या रांगेतली माणसं मिशीत हसत जमिनीकडे बघत राहिली.

आता थांबावं, हात खिशात घालावा आणि किल्ली द्यावी, हेच सभ्यपणाचं होतं. मानसिंग आयुष्यभर सभ्यपणे वागत आला होता. पण रेश्माच्या यंत्रावरचा लाल दिवा चालू होता, हातांना आज जे सापडलं होतं ते माडीवर कधीच सापडलं नव्हतं, आणि तो थांबला असता तर ते पुन्हा कुणालाच ऐकू आलं नसतं. मानसिंग थांबला नाही. मागे शिवतेजने त्याच्याकडे बघितलं, हसला, आणि ठेका धरून ठेवला.

"मालक येत न्हाई! पयली रांग, आगे बढ! गाडी उठाओ!"

पहिली रांग उठली. साठीतली, सत्तरीतली माणसं धोतराचे काचे मारून बोलेरोभोवती उभी राहिली.

"एक-दो! एक-दो!"

ड्रम त्याच तालात पडत होता. बोलेरो जमिनीवरून उचलली गेली आणि ताला-तालात सरकू लागली. जोवर गाडी हवेत होती तोवर गाणं पुढे नेता येत नव्हतं, म्हणून मानसिंगला वाजवत राहावं लागलं. रचलेलं सगळं संपलं. मग त्याने न रचलेलं वाजवलं. बोटं पेटली, घाम डोळ्यांत गेला, पण तो वाजवत राहिला. अखेर गाडी शाळेच्या भिंतीला टेकली, रश्शाच्या वासासह टेम्पो आत आला, आणि मांडवात जो आरडाओरडा झाला त्यातून एकच बाईमाणसाचा आवाज खणखणीत वर आला.

"आवं, आपलीच हाय की वो ती गाडी!"

ते मात्र सुभेदारांना कापसातूनही ऐकू गेलं. साळूबाईंचा आवाज अडवील असा कापूस अजून पिकायचा होता.

त्या दिवशी जेवणात मानसिंगने मान वर केली नाही. पुढे रेश्माचा मिरजेहून फोन आला. ती म्हणाली, "गाडीचं सगळं काढून टाकता येईल. आवाज रविराजचा भरता येईल. सांगा तसं करते." रविराज हातावरची मेंदी घेऊन स्टुडिओत हजरही झाला. त्याने हेडफोन कानाला लावून एकदा सगळं ऐकलं आणि ते काढून ठेवले.

"ह्यात मी कुठं घुसू रं, मान्या? मी नुसता ओरडतो. ह्यो मानूस खरंच कुणावर तरी ओरडतुया."

मानसिंगने काहीच ठरवलं नाही. पेन ड्राइव्ह खिशात घालून तो वडजाईवाडीला गेला. कापायचं की ठेवायचं हे ज्याचा आवाज आहे त्याने सांगावं, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. स्वतः ठरवायची त्याला भीती वाटत होती.

घरात गाणी वाजवायचं यंत्र नव्हतं. बोलेरोत होतं. सुभेदार ड्रायव्हरच्या जागी ताठ बसले, मानसिंग शेजारी. सावधान झालं, विश्रामचा दणका झाला, सुभेदार स्वतःचा आवाज तक्रार ऐकावी तसे ऐकत राहिले. मग शेवटचं गाणं लागलं. बोलेरोची चिठ्ठी आली, एक-दो सुरू झालं, आणि त्याच्या खालून, मधून, वरून गिटार वाजत राहिली. सुभेदारांनी हात पुढे करून आवाज वाढवला. गाणं संपलं.

"ह्ये मधी कोन वाजीवतंय?"

"मी, मामा."

"ह्ये सगळं? त्या दिशी?"

"त्या दिशी. तुमच्या कानात कापूस होता."

सुभेदार काचेतून समोर बघत राहिले. अंगणात साळूबाई शेंगा निवडत होत्या.

"आन गाडीची किल्ली कुनाकडं हुती?"

"माझ्याच खिशात."

"म्या हाका मारत हुतो, तवा?"

"व्हय."

मानसिंगला आपल्या लग्नाची बोलणी आठवली.

"बरं केलंसा, थांबला न्हाईसा," सुभेदार म्हणाले. "ड्यूटीवर असताना मानूस मधी थांबत नसतोय. मग सासरा बोंबलू दे न्हाईतर सेनापती. ह्यातलं काय सुदीक कापायचं न्हाई."

मानसिंगने पेन ड्राइव्ह काढायला हात पुढे केला.

सुभेदारांनी काच खाली केली आणि अंगणात आवाज दिला. वाळवणावरच्या चिमण्या उडाल्या.

"आगं, ऱ्हाऊ देत त्या शेंगा. हिकडं यिऊन बस. जावायबापूंची ड्यूटी लागलीया." मग ते मानसिंगकडे वळले. "लावा पुन्यांदा. पयल्यापास्नं."